शिव्या न गाळणाऱ्या इंदुताई

इंदुताई मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट पिस्कॅटवेमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात झाली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, बाहेर गुडघाभर बर्फ, आत तिळगुळाची ताटं, आणि मला लग्न होऊन पुण्याहून येऊन जेमतेम चार महिने झालेले. पुण्यात मी फ्रेंचच्या होत्या नव्हत्या तेवढ्या परीक्षा दिल्या होत्या, आणि हे कुणी विचारायच्या आधीच सांगायची मला खोड होती. कुणीतरी म्हणालं, "अहो, मग मेश्रामबाईंना भेटा की. त्यांनाही येतं म्हणे फ्रेंच." मी पुढे झाले आणि माझं ठेवणीतलं एक लांबलचक वाक्य त्यांना ऐकवलं. ताईंनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या जे बोलल्या, त्यातला एक शब्द मला कळला असेल तर शपथ. माझा चेहरा बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "नाही समजलं? बरंच झालं. त्यात अर्ध्या शिव्याच होत्या."

ताई मूळच्या नागपूरच्या. मेश्रामकाका कापडाच्या धंद्यातले इंजिनियर. त्यांना लियाँ शहरात काम मिळालं, तेव्हा ताई त्यांच्याबरोबर फ्रान्सला गेल्या आणि एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सात वर्षं त्यांनी भाज्या चिरल्या, पातेली घासली. त्यांचं फ्रेंच त्या स्वयंपाकघरातलं. माझ्या पुस्तकांतली फ्रेंच माणसं सदा स्टेशनचा रस्ता विचारत आणि एकमेकांचे आभार मानत. ताईंच्या ओळखीची फ्रेंच माणसं कामाला कंटाळत, चुगल्या करत, एकमेकांना टोप्या घालत आणि शब्द उलटेपालटे करून साहेबासमोर साहेबाचीच टर उडवत. अक्षरांची अशी उलटापालट करण्याला तिकडे वेरलाँ म्हणतात. ताई सांगत, "अगं, आपण लहानपणी च-ची भाषा बोलायचो, शाळेला चळाशा म्हणायचो, तसलंच हे. फक्त तिथं मोठी माणसं बोलतात आणि पोलिसाला कळू नये म्हणून बोलतात."

अमेरिकेत आल्यावर त्यांनी एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत भाषांतराची कचेरी काढली. संध्याकाळी त्या कम्युनिटी कॉलेजात फ्रेंच शिकवत. भेटीनंतर महिन्याभरातच त्यांनी मला कचेरीत बोलावलं. माझ्या त्या वाक्यावर खूश होऊन त्यांनी बोलावलं, असं मी समजत होते. पुढे कळलं, की बाकी कुणाला टायपिंग येत नव्हतं.

कचेरीत चपलांच्या खोक्यात ठेवलेली पिवळी कार्डं होती. एकेका कार्डावर एकेक बोली शब्द. मी पहिल्याच दिवशी ती उलटसुलट करून पाहिली, तर कुठल्याच कार्डावर अर्थ नाही, तो शब्द कुणाच्या तोंडून आणि कधी ऐकला एवढंच. 'काफार' या शब्दाखाली हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या त्यांच्या सोबतिणीचं नाव लिहिलेलं: "ओदेत. रविवारी दुपारी. बटाटे सोलताना, खिडकीकडे बघत, आम्हाला कुणालाच उद्देशून नाही." काफार म्हणजे झुरळ. 'मला झुरळ आलंय' असं फ्रेंच माणूस म्हणाला, तर त्याला उदास वाटतंय. शब्दकोशात 'औदासीन्य' असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही, पण औदासीन्य काही रविवारी बटाटे सोलताना येत नाही. 'पोझे अं लापँ' म्हणजे ससा ठेवणं. भेटायचं कबूल करून न येणं. त्या कार्डावर काकांचं नाव होतं, आणि वेळसुद्धा. आपल्याकडे कॉलेजातली पोरं 'टांग दिली' म्हणतात ते याच्या बरंच जवळ जातं, असं मी सुचवलं. ताईंनी तेही खाली लिहून घेतलं आणि पुढे माझं नाव टाकलं. मला कोण आनंद झाला.

भाषांतर करायची त्यांची रीत ठरलेली होती. कागद आला की पेन हातात घ्यायचं नाही. आधी तो मोठ्यांदा वाचायचा, लिहिणाऱ्या माणसाच्या आवाजात. तो माणूस रागावलाय, की लाडात आलाय, की थापा मारतोय, हे दुसऱ्या टेबलावर बसलेल्या बाईला कळलं पाहिजे. कळलं नाही, तर पुन्हा वाचायचं. कॉलेजच्या वर्गातही हाच खाक्या. एका विद्यार्थ्यानं 'बॉफ' या शब्दाचा अर्थ विचारला, तर ताईंनी अख्ख्या वर्गाला वीस मिनिटं नुसते खांदे उडवायला लावले. त्यात एक पोलीस होता, दोन नर्सेस होत्या आणि एक निवृत्त प्लंबर. शेवटी प्लंबरचा खांदा बरोबर उडाला, तेव्हा ताई म्हणाल्या, "झालं. आता तोंडानं बोलायचीसुद्धा गरज नाही."

त्यांच्या मायेचा एक प्रसंग इथं सांगते. माझी आई गेल्याची तार आली, तेव्हा मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला होता. मंडळातल्या पुष्कळ काकू-मावश्या येऊन गेल्या, चांगलं बोलून गेल्या. ताई आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, वरणभात टाकला, आणि मग माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "तुझी आई चिडली की काय म्हणायची?" मी सांगत गेले. आईची सगळी ठेवणीतली बोलणी, 'मेले', 'कार्टे', 'डोंबल तुझं' सगळं. सांगता सांगता मी हसले आणि मग पहिल्यांदा पोटभर रडले. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो मला इंग्रजीतच उत्तरं देतो, पण 'डोंबल' मात्र त्याला बरोबर जागी वापरता येतं.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ टंगळमंगळ करतेय.

मंडळाच्या एका कार्यक्रमात, त्याच कॅफेटेरियात, ताई सूत्रसंचालन करत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलं नाटकाची तयारी करून राहिली आहेत." पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "करून राहिली नव्हे हो, करत आहेत म्हणा." चारदोन माणसं हसली. मीही हसले. ताई माइकवरूनच म्हणाल्या, "बरं. पण तुम्हाला समजलं ना?" आणि पुढचं नाव पुकारलं. मी तेव्हा त्यांच्याच कचेरीत काम करत होते, हे इथं नमूद करते. घरी जाताना गाडीत मी त्यांना सॉरी म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं ताई मुलीच्या बाळंतपणासाठी मिनेसोटात ईडन प्रेरीला गेल्या. कचेरी माझ्यावर सोपवून गेल्या. त्याच आठवड्यात सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीकडून पाच पत्रं आली. ही कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे मार्सेल नावाचा एक फ्रेंच तंत्रज्ञ होता. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो फ्रान्समधल्या शाखेतून इकडे आला होता, आणि कंपनीत आहे तोवरच त्याला या देशात राहायची परवानगी होती. एका नव्या अत्तराचा फॉर्म्युला बाहेर गेल्याचा कंपनीला संशय होता. मार्सेलचा तिकडचा मित्र त्याला कंपनीच्याच टपालाच्या थैलीतून पत्रं पाठवायचा. ती कंपनीनं उघडली आणि भाषांतराला आमच्याकडे दिली.

पत्रं मी घरी आणली. वाचायला घेतली आणि कान गरम झाले. ओळीओळीला शिव्या, उलटवलेले शब्द, अचकट विचकट थट्टा. मोठ्यांदा वाचायचा नियम मला पाठ होता. पण पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई हॉलमध्ये वाती वळत बसल्या होत्या. त्यांना फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही, हे मला माहीत होतं. तरीसुद्धा माझी जीभ रेटेना. मी मनातल्या मनात वाचलं, शिव्या गाळल्या, थट्टेचे जे परिच्छेद शब्दकोशात सापडले नाहीत ते 'अवांतर मजकूर' म्हणून सोडून दिले, आणि उरलेलं स्वच्छ, शुद्ध, अहो-जाहोच्या इंग्रजीत टाइप करून पाठवून दिलं. टाइप केलेली पानं बघून मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

ताई परत आल्या. नातवाचे फोटो दाखवून झाल्यावर त्यांनी कार्बन कॉपी वाचायला घेतली. एका ओळीशी थांबल्या. मी जे लिहिलं होतं त्याचं मराठी करायचं तर असं होईल: "आपण संचालक महोदयांचा फॉर्म्युला घेऊन विकल्याचे मला ज्ञात आहे. तरी त्या प्राप्तीतून मला भोजन देण्याचे करावे." ताईंनी मूळ पत्र मागितलं आणि ते त्या मोठ्यांदा वाचू लागल्या. मूळ वाक्याचा सूर असा होता: "काय रे चोरा, म्हाताऱ्याचा फॉर्म्युला ढापलास, विकलास, आता बोटीवर लोळत असशील! निदान एक वेळ जेवायला तरी घाल, कंजूस मेल्या!" ताईंना हसू फुटलं. मलाही फुटलं. मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "हा मार्सेल आता कुठं आहे?"

मी कंपनीत फोन लावला. मार्सेलला घरी बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौकशी समितीची शेवटची बैठक होती, आणि माझं भाषांतर हाच मुख्य पुरावा होता.

ताई मला ओरडतील, असं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "शिव्या काऊन गाळल्या?" मी म्हटलं, "वाईट दिसतात म्हणून." त्यांनी मूळ पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाल्या, "तू त्याला सभ्य करायला गेली. सभ्य करून त्याला चोर करून टाकलं." माझ्या डोळ्यांसमोर तो कॅफेटेरिया आला, ते गृहस्थ आले आणि हसणारी मी आले. ताईंनी तो विषय काढला नाही. त्यांनी तो कधीच काढलेला नाही. म्हणून मी तो आज काढते आहे.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही जाऊन सांगा ना. तुमचं ऐकतील." ताई म्हणाल्या, "मी सोबत येतो. पण चूक तुझी आहे, ती तूच सांगायची. मी सांगितली तर ते म्हणतील, बाई आपल्या हपिसाची अब्रू सांभाळून राहिली." ताई कधीमधी 'मी येतो' म्हणतात, नागपूरच्या घरातली सवय. मी म्हटलं, "आणि मग त्यांनी आपली सगळीच कामं काढून घेतली तर?" ताईंनी खांदे उडवले. त्या वर्गातल्यासारखे.

बैठकीत टेबलापलीकडे चार माणसं होती. टोकाला मार्सेल. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चुरगळलेला टाय लावलेला माणूस. मी उभी राहिले आणि म्हटलं, की हे भाषांतर मी केलंय आणि ते चुकीचं आहे. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "नेमका कुठला शब्द चुकलाय?"

हीच तर गोची होती. एकही शब्द चुकला नव्हता. मी तसंच सांगितलं. वकील चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागला. मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी शांतपणे मूळ पत्रं माझ्यापुढे सरकवली आणि मराठीत म्हणाल्या, "वाच. त्याच्या मित्रासारखी. एकही शिवी सोडायची नाही."

आणि मी वाचलं. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मी, साडी नेसून, चार अनोळखी अमेरिकन पुरुषांसमोर, फ्रान्समधल्या गल्लीतल्या शिव्या खणखणीत आवाजात म्हटल्या. पहिल्या दोन ओळी आवाज कापत होता. मग मला तो माणूस दिसायलाच लागला. तोंडात सिगरेट, दोस्ताची आठवण येतेय पण तसं सरळ म्हणायची लाज, म्हणून शिव्या देणारा. तिसऱ्या ओळीला मार्सेलला हसू आवरेना. पाचव्या ओळीला तो रडत होता. मी एकेक वाक्य वाचायचे आणि ताई शेजारून ते इंग्रजीत सांगायच्या. न्यू जर्सीतला ट्रकवाला ट्रकवाल्याला म्हणेल अगदी तसं.

मी अवांतर म्हणून सोडलेले परिच्छेद त्यांनी मुद्दाम वाचायला लावले. पहिल्या पत्रात मार्सेलवर आरोप होता, की त्यानं साहेबाच्या सासूला बोकडाच्या बदल्यात विकलं. दुसऱ्यात, की त्यानं चर्चची घंटा वितळवून तिची पातेली केली. तिसऱ्यात गावची नदी बाटलीत भरून अमेरिकनांना खपवली. चौथ्यात फॉर्म्युला. पाचव्यात तो न्यू यॉर्कच्या बंदरातल्या पुतळ्याला पळवून नेणार होता. टेबलापलीकडच्या एका माणसानं तोंडावर हात धरला. वकिलानं मला विचारलं, "हे तुम्ही आधी का दिलं नाहीत?" मी म्हटलं, "मला लाज वाटली." तो म्हणाला, "शिव्यांची?" मी म्हटलं, "आधी शिव्यांची. आता माझी."

अर्ध्या तासानं आम्हाला आत बोलावून सांगितलं, की मार्सेलवरचा संशय मागे घेतला आहे आणि सोमवारपासून त्यानं कामावर यावं. मार्सेलनं लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "उफ." त्याच क्षणी माझ्या तोंडून हुश्श निघालं. ताई म्हणाल्या, "या एकाला कार्ड नको."

पार्किंग लॉटमध्ये आल्यावर मी गाडीच्या बॉनेटवर टेकले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं. मार्सेलची बायको दोन्ही मुलींना घेऊन गाडीत थांबली होती. तिला बातमी कळली, तशी ती उतरून माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मी तिला सांगायला लागले, की अहो, मीच ते भाषांतर केलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. मार्सेलनं सांगितलं. तो म्हणतो, तुम्ही फार छान शिव्या देता."

कंपनीचं काम त्यानंतर दोन महिने बंद होतं. आमचा पत्ता कट झाला असं आम्ही धरून चाललो होतो. मग एक दिवस त्याच वकिलानं फोन केला आणि विचारलं, की त्या वाचणाऱ्या बाई अजून तुमच्याकडे आहेत का. आजही त्यांची पत्रं येतात. आजही मी ती आधी मोठ्यांदा वाचते. खालच्या हार्डवेअरच्या दुकानदारानं एकदा वर येऊन विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ताईंच्या हाताखाली तयार झालेल्या आम्ही सहाजणी आज वेगवेगळ्या गावांत हेच काम करतो. त्यांची कार्डं आता दोन हजारांच्या घरात असतील. ती छापावीत असं अनेकांनी सुचवलं, पण ताई म्हणतात, "अर्थ नसलेलं पुस्तक कोण घेणार?" मंडळाच्या कार्यक्रमात त्या अजूनही 'करून राहिले' म्हणतात, फोन उचलला की आधी 'जय भीम' म्हणतात, आणि आता कुणी दुरुस्ती करायला उठत नाही. एकदा एकजण उठायला लागला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो बसला.

त्या दिवशी ताईंनी मार्सेलची नोकरी वाचवली, असं लोक सांगतात. ते खरंच आहे. पण ताई नसत्या, तर मार्सेल आपल्या देशात परत गेला असता, त्याला दुसरं काम लागलं असतं, त्याच्या मुली तिथल्या शाळेत रुळल्या असत्या. मी मात्र इथंच राहिले असते, ती छान टाइप केलेली पानं फायलीत ठेवून, आणि आपण एक माणूस चोर ठरवला हे मला कधी कळलंसुद्धा नसतं. त्यातून ताईंनी मला सोडवलं.

साठी पूर्ण करणाऱ्या इंदुताईंना उत्तम प्रकृती लाभो, गुडघे कुरकुर न करोत, नातवंडं त्यांच्याशी कुठल्याही भाषेत का होईना पण भांडत राहोत, आणि त्यांना भरपूर आयुष्य मिळो, अशी मी मनापासून इच्छा करते. ही इच्छा निःस्वार्थी मुळीच नाही. माझ्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या कबूल करायला जाताना ताई शेजारी हव्यात.